स्पोर्ट्स कारचा गिअर : हाताचा की स्वयंचलित?

मार्च २०१३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जर्मनीच्या पोर्शे कंपनीने आपल्या ‘९११ जीटी३’ या मोटारीची नवी आवृत्ती सादर केली. ४७५ अश्वशक्तीचे आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाणारे इंजिन, मागची चाकेही किंचित वळविणारी यंत्रणा, ताशी ३१५ किलोमीटरचा कमाल वेग, असा सारा थाट होता. जाणकारांची नजर मात्र चालकाच्या पायांपाशी जाऊन थांबली. तेथे क्लचचे पॅडल नव्हते. १९९९ पासून निघालेली प्रत्येक जीटी३ हाताने गिअर टाकण्याची होती. या आवृत्तीत तो पर्याय जादा पैसे मोजूनही मिळत नव्हता. कंपनीचा युक्तिवाद सरळ होता. जीटी३ ही शर्यतीच्या मार्गावर वेगाने पळण्यासाठी बांधलेली मोटार आहे, आणि दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स हाताच्या गिअरपेक्षा निर्विवाद वेगवान आहे.

चारच वर्षांनी, २०१७ मध्ये, याच कंपनीने याच मोटारीत क्लचचे पॅडल परत आणले. दरम्यानच्या काळात स्वयंचलित गिअरबॉक्स मंद झाला होता असे नाही. उलट तो आणखी चपळ झाला होता. तरीही कंपनीला पाऊल मागे घ्यावे लागले. ते का घ्यावे लागले हे पाहिले, तर स्पोर्ट्स कार घेऊ इच्छिणाऱ्याला पडणारा प्रश्न नेमका कशाविषयी आहे ते उमगते.

गिअरबॉक्सचे तीन प्रकार

पेट्रोल इंजिन आपली खरी ताकद फेऱ्यांच्या एका मर्यादित पट्ट्यातच दाखविते. जीटी३चे इंजिन ९००० फेऱ्यांपर्यंत जात असले, तरी जागेवरून निघताना आणि ताशी ३०० किलोमीटरने धावताना चाकांची गती इतकी भिन्न असते, की मध्ये दातेरी चक्रांच्या जोड्या बदलत राहण्यावाचून गत्यंतर नसते. हा बदल कोणी करायचा आणि त्या क्षणी इंजिन व चाके यांचा संबंध कसा तोडायचा, यावरून प्रकार पडतात.

हाताच्या गिअरमध्ये हे काम चालकाचा डावा पाय आणि गिअरचा दांडा यांच्याकडे असते. डाव्या पायाने क्लच दाबला की इंजिन मोकळे होते, हाताने नवी जोडी जुळविली जाते, क्लच सोडला की ताकद पुन्हा चाकांकडे वाहू लागते. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात क्लचऐवजी तेलाने भरलेले भांडे असते. इंजिनाकडचे पाते तेल फिरविते आणि ते तेल पलीकडचे पाते फिरविते. गिअरही ग्रहमालेसारख्या रचनेत बसविलेले असतात. जुन्या काळी या प्रकाराची ख्याती सुस्त म्हणून होती, कारण तेलाच्या घसरणीत ताकद वाया जाई. आता निघताना तेवढे तेलाचे काम चालते आणि पुढे भांड्यातील कुलूप-क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. पोर्शे त्याला ‘पीडीके’ म्हणते, तर फोक्सवॅगन समूहात ‘डीएसजी’ हे नाव रूढ आहे. यात एकाच पेटीत जणू दोन गिअरबॉक्स नांदतात. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर. मोटार तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेत असते तेव्हाच संगणकाने चौथा गिअर दुसऱ्या दांड्यावर टाकून ठेवलेला असतो. बदलाची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो, एवढेच. इंजिनाचा चाकांवरील जोर जवळपास खंडितच होत नाही. संगणकाचा अंदाज चुकला, म्हणजे त्याने चौथा तयार ठेवला आणि चालकाने अचानक दुसरा मागितला, तर मात्र क्षणभर खोळंबा होतो.

यांशिवाय एक मधला प्रकार काही वर्षे गाजला. पेटी हाताच्या गिअरचीच, पण क्लच आणि दांडा हलविण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेकडे. १९९७ मध्ये फेरारीने ‘एफ३५५’ मोटारीत स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची अशी सोय दिली. कल्पना थेट शर्यतीतून आली होती. १९८९ मध्ये ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेल यांनी अशाच गिअरबॉक्सच्या फेरारीने विजय मिळविला होता. शर्यतीत हे ठीक होते. रस्त्यावर मात्र प्रत्येक गिअर बदलताना मोटार किंचित थबके आणि बसलेल्यांच्या माना पुढे डुलत. दुहेरी क्लच आल्यावर हा प्रकार महागड्या मोटारींतून झपाट्याने हद्दपार झाला. आज जुन्या बाजारात त्या काळातील हाताच्या गिअरच्या फेरारी पात्यांच्या फेरारींपेक्षा बऱ्याच चढ्या भावाने जातात, हा काळाने उगवलेला सूडच म्हणावा लागेल.

जुनाच वाद

हाताचा गिअर म्हणजेच खरी स्पोर्ट्स कार, हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. अमेरिकेची प्रसिद्ध शेव्हर्ले कॉर्व्हेट १९५३ मध्ये बाजारात आली ती केवळ दोन गिअरच्या स्वयंचलित पेटीसह; हाताचा गिअर तिला १९५५ मध्ये मिळाला. २०२० सालच्या आवृत्तीत इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले आणि कॉर्व्हेट पुन्हा केवळ स्वयंचलित झाली.

पोर्शेनेही १९६७ मध्ये ‘९११’ला ‘स्पोर्टोमॅटिक’ नावाचा निम-स्वयंचलित गिअरबॉक्स दिला होता. त्यात क्लचचे पॅडल नव्हते, दांडा मात्र होता. दांड्याला हात लागला की आतील विजेची कळ दाबली जाई आणि निर्वात दाबावर चालणारी यंत्रणा क्लच सोडवी. सवयीने दांड्यावर हात टेकवून बसणाऱ्या चालकांची यात मोठी पंचाईत होत असे. मोटार वेग घेण्याऐवजी इंजिनच नुसते किंचाळू लागे. असे असले तरी याच गिअरबॉक्सच्या ‘९११ आर’ने १९६७ मध्ये नूर्बुर्गरिंगवरील ८४ तासांची शर्यत जिंकून दाखविली. पुढे १९८९ च्या सुमारास ‘टिपट्रॉनिक’ आला. तो टॉर्क कन्व्हर्टरचा होता. शहरात सोयीचा, पण घड्याळापुढे हाताच्या गिअरहून उणाच.

पीडीकेची चाचणी पोर्शेने १९८० च्या दशकात ‘९५६’ आणि ‘९६२’ या शर्यतीच्या मोटारींवर केली. १९८६ मध्ये मॉन्झा येथे हान्स-योआखिम श्टुक आणि डेरेक बेल यांनी या गिअरबॉक्सची पहिली मोठी शर्यत जिंकली. तरीही रस्त्यावरच्या ‘९११’पर्यंत तो पोहोचण्यास २००८ साल उजाडले. यंत्र तयार होते, पण त्याला हाकणारा संगणक पुरेसा जलद आणि स्वस्त होण्यास दोन दशके जावी लागली. दरम्यान २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ ‘आर३२’ या मोटारीत दुहेरी क्लच बसवून बाजारात पहिला मान मिळविला होता.

२००८ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे मानावे लागेल. तोपर्यंत ‘९११’ घेणाऱ्यापुढचा प्रश्न सोपा होता : वेग हवा असेल तर हाताचा गिअर, आराम हवा असेल तर स्वयंचलित. पीडीकेने हे समीकरण उलटे केले. आराम आणि वेग दोन्ही एकाच बाजूला गेले. मग दुसऱ्या बाजूला उरले काय?

घड्याळाची साक्ष

आधी आकडे पाहावेत. २०१७ च्या जीटी३मध्ये दोन्ही गिअरबॉक्स उपलब्ध होते आणि ५०० अश्वशक्तीचे इंजिन तेच होते. जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास पीडीकेला ३.४ सेकंद लागत, हाताच्या गिअरला ३.९. २०२१ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीतही हा फरक असाच राहिला. अर्धा सेकंद म्हणजे फार नव्हे असे वाटेल. परंतु ताशी १०० किलोमीटरने जाणारी मोटार अर्ध्या सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. शर्यतीच्या मार्गावर एवढ्या अंतरात तीन मोटारी सहज मावतात. लहान ‘७१८ केमन जीटी४’मध्येही हाच अर्धा सेकंद दिसतो : हाताने ४.४, पीडीकेने ३.९.

हा फरक दोन ठिकाणी निर्माण होतो. निघताना संगणक टायरची पकड सुटू न देता क्लच नेमका तेवढाच सरकवितो. हे माणसाला दहापैकी दोनदा जमेल, यंत्राला दहाही वेळा जमते. त्यानंतर प्रत्येक गिअर बदलताना चालकाला अॅक्सिलरेटर सोडावा लागतो आणि तेवढा वेळ मोटार केवळ आधीच्या जोरावर सरकत असते. टर्बो इंजिनात तर या अवधीत हवेचा दाबही घसरतो आणि तो पुन्हा भरून यावा लागतो.

हाताच्या गिअरच्या पारड्यात दोन लहान गोष्टी पडतात. २०२१ च्या जीटी३चे वजन हाताच्या गिअरसह १४१८ किलो आणि पीडीकेसह १४३५ किलो. म्हणजे १७ किलोंचा फरक. कमाल वेगही हाताच्या गिअरचा ताशी ३२०, पीडीकेचा ३१८. हे आकडे बढाईसाठी ठीक आहेत. त्यांच्या आधारे कोणी हाताचा गिअर निवडत असेल, तर तो स्वतःचीच समजूत घालतो आहे असे म्हणावे लागेल.

मात्र घड्याळाचा अर्थ लावतानाही सावध राहिले पाहिजे. नूर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या उत्तर वळणमार्गावर २०२१ मध्ये पीडीकेच्या जीटी३ने ६ मिनिटे ५९.९ सेकंदांत फेरी पूर्ण केली होती. एप्रिल २०२५ मध्ये सुधारित जीटी३ने हाताच्या गिअरसह तीच फेरी ६ मिनिटे ५६.३ सेकंदांत मारली; चालक होते यॉर्ग बर्गमाइस्टर. म्हणजे चार वर्षांत मोटारीच्या इतर अंगांत झालेल्या सुधारणेने गिअरबॉक्सचा तोटा भरून काढून वर साडेतीन सेकंद शिल्लक ठेवले. बर्गमाइस्टर यांच्यासारखा व्यावसायिक चालक नसेल, तर गिअरबॉक्समुळे जाणाऱ्या वेळेपेक्षा चुकीच्या जागी ब्रेक लावल्याने जाणारा वेळ कितीतरी अधिक असतो. हौशी चालकाने गिअरबॉक्सला बोल लावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

डाव्या पायाचे काम

२०१३ नंतर पोर्शेकडे आलेल्या नाराजीचा सूर वेगाविषयी नव्हताच. मोटार जलद आहे हे सारेच मान्य करीत होते. तक्रार होती ती चालकाच्या हातून एक काम काढून घेतल्याची. हे काम काय असते, ते खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

वळण जवळ आले आहे आणि मोटार चौथ्या गिअरमध्ये आहे असे समजावे. चालकाला वेग कमी करून दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचे आहे. उजव्या पायाच्या चवड्याने तो ब्रेक दाबतो, डाव्या पायाने क्लच. खालचा गिअर टाकताना इंजिनाच्या फेऱ्या वाढणे आवश्यक असते, कारण त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिन अधिक भरभर फिरावे लागते. म्हणून ब्रेकवरचा दाब जराही न ढळू देता उजव्याच पायाची कड किंवा टाच तो अॅक्सिलरेटरला हलकेच लावतो, इंजिन क्षणभर गर्जते, गिअर बसतो आणि क्लच सुटतो. सारे साधले तर मोटारीला धक्काही जाणवत नाही. फेऱ्या कमी पडल्या, तर मागची चाके क्षणभर अडखळतात. आणि ज्या मोटारीचे इंजिनच मागच्या धुरेच्याही मागे टांगलेले आहे, तिचा मागचा भाग नेमक्या वळणाच्या तोंडाशी सुटू पाहतो. टाच आणि चवड्याचे हे कसब अंगवळणी पडण्यास महिने लागतात. एकदा साधले की प्रत्येक वळण ही एक छोटी परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झाल्याचे समाधान ताशी ६० किलोमीटरच्या वेगातही मिळते.

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. आजच्या स्पोर्ट्स कार इतक्या सक्षम झाल्या आहेत, की सार्वजनिक रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेत त्यांच्या क्षमतेचा अंशही वापरता येत नाही. पीडीकेची जीटी३ आपले खरे गुण शर्यतीच्या मार्गावर उधळते. साध्या घाटरस्त्यावर मात्र तिच्या चालकाला करण्यासारखे फार थोडे उरते. हाताचा गिअर तेथेही चालकाला कामात गुंतवून ठेवतो.

अर्थात याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. शर्यतीच्या मार्गावर गिअरची चिंता नसलेला चालक दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आपले सारे लक्ष ब्रेकचा बिंदू, वळणाची रेषा आणि टायरची पकड यांवर देऊ शकतो. या गोष्टी शिकणाऱ्याला पीडीके अधिक लवकर शिकविते. २०१३ च्या जीटी३मध्ये दोन्ही पाती एकाच वेळी ओढली की क्लच सुटण्याची सोयही होती, म्हणजे चालकाला हवे तेव्हा ताकद तोडता येत असे. पीडीके म्हणजे आळशी लोकांचा गिअर, ही टीका म्हणूनच अन्यायाची आहे.

माघार कशी झाली

पोर्शेच्या या विभागाचे प्रमुख आंद्रेआस प्रॉयनिंगर यांनी माघारीची वाट टप्प्याटप्प्याने आखली. २०१५ मध्ये ‘केमन जीटी४’ केवळ हाताच्या गिअरसह आली. २०१६ मध्ये ‘९११ आर’ आली : ५०० अश्वशक्ती, १३७० किलो वजन, हाताचे सहा गिअर, आणि मोटारी अवघ्या ९९१. त्या पाहता पाहता संपल्या आणि दुय्यम बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरू लागल्या. क्लचच्या एका पॅडलसाठी लोक काय मोजण्यास तयार आहेत, याचा याहून बोलका पुरावा कंपनीला नको होता. २०१७ मध्ये जीटी३ला दोन्ही पर्याय मिळाले आणि हा पर्याय २०२४ च्या आवृत्तीतही कायम राहिला. अधिक टोकाच्या ‘जीटी३ आरएस’ला मात्र केवळ पीडीके, तर २०२३ च्या ‘एस/टी’ला केवळ हाताचा गिअर. एका मोटारीचे हेतूच कंपनीने असे वाटून टाकले.

अशी माघार घेणारी पोर्शे एकटी नाही. बीएमडब्ल्यूने २००५ च्या सुमारास ‘एम५’ला सात गिअरची यांत्रिक हातांची पेटी दिली, पण अमेरिकेतील ग्राहकांच्या आग्रहाखातर तेथे पुढे क्लचचे पॅडल द्यावे लागले. टोयोटाची ‘जीआर सुप्रा’ २०१९ मध्ये केवळ स्वयंचलित होती. २०२२ मध्ये तिला हाताचा गिअर जाहीर झाला. ‘जीआर यारिस’चा प्रवास नेमका उलट, २०२० मध्ये केवळ हाताचा गिअर आणि २०२४ मध्ये स्वयंचलितचा पर्याय. फेरारीने मात्र मागे वळून पाहिलेले नाही. २००९ च्या ‘४५८ इटालिया’पासून तिच्या मधल्या इंजिनाच्या मोटारींत हाताचा गिअर नाही.

निवड करताना

ग्राहकाला वाटते की निवड केवळ गिअरची आहे. प्रत्यक्षात गिअरबरोबर इतर अनेक गोष्टी ठरून जातात. २०२० मध्ये जाहीर झालेल्या बीएमडब्ल्यू ‘एम३’मध्ये हाताचा गिअर हवा असेल, तर इंजिन ४८० अश्वशक्तीचेच मिळे, ५१० अश्वशक्तीच्या ‘कॉम्पिटिशन’ला आठ गिअरची स्वयंचलित पेटी बंधनकारक होती. टॉर्कही ५५० आणि ६५० न्यूटन मीटर असा वेगळा. पोर्शेच्या २०२४ च्या ‘९११ जीटीएस’मध्ये विजेची मोटर पीडीकेच्या पेटीतच सामावलेली असल्याने तेथे हाताच्या गिअरला जागाच उरली नाही. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ध्वनिमर्यादेच्या चाचणीपद्धतीमुळे हाताच्या गिअरची जीटी३ सुरुवातीला विकता येत नव्हती, पीडीकेची मात्र येत होती. ती अडचण नंतर दूर झाली. तेव्हा आपल्याला हवी असलेली मोटार त्या गिअरबॉक्ससह त्या बाजारात मिळते का, हे आधी पाहणे श्रेयस्कर.

वापराचा प्रश्न त्यानंतरचा. मोटार रोज कार्यालयात न्यायची असेल आणि वाटेत तासभर वाहतुकीची कोंडी असेल, तर स्पोर्ट्स कारचा जड क्लच आठवड्याभरात उत्साह मावळवितो. गुडघ्याचे दुखणे असणाऱ्याने तर भावनेच्या आहारी जाऊच नये. घरात दुसरी मोटार असेल आणि ही केवळ रविवारी पहाटे बाहेर काढायची असेल, तर पारडे दुसरीकडे झुकते. शर्यतीच्या मार्गावर वेळ नोंदवून स्पर्धा करायची असेल, तर पीडीकेला पर्याय नाही. तेथे केवळ हौसेने चार फेऱ्या मारायच्या असतील, तर दोन्ही चालतात.

दुहेरी क्लचची मोटार कोंडीत हळूहळू सरकते तेव्हा आत क्लच घासत असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. टॉर्क कन्व्हर्टरला हा त्रास नाही, आणि बीएमडब्ल्यूने आपल्या ‘एम’ मोटारींत २०१७ पासून दुहेरी क्लच सोडून टॉर्क कन्व्हर्टरकडे मोर्चा वळविला. पीडीकेचे क्लच तेलात बुडालेले असल्याने उष्णता बरीच सोसतात. कोरड्या क्लचच्या लहान मोटारींची सोशिकता कमी. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर मोटार तोलून धरण्याची सवय दोन्हींना घातक ठरते.

जुनी मोटार घेणाऱ्याने एक कसोटी आवर्जून लावावी. हाताच्या गिअरमध्ये सर्वांत महागडी चूक म्हणजे पाचव्यातून चौथा टाकताना दुसरा पडणे. क्लच सुटताच चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवितात आणि संगणकाने इंधन तोडले तरी काही उपयोग होत नाही, कारण इंजिन आता चाकांच्या जोरावर फिरत असते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडली तर सारे इंजिन उतरवावे लागते. पोर्शेचा संगणक अशा मर्यादाभंगांची नोंद टप्प्यांनुसार ठेवतो आणि अधिकृत कार्यशाळेत तो तक्ता काढून मिळतो. वरच्या टप्प्यांत नोंदी असतील आणि त्या अलीकडच्या असतील, तर रंग कितीही चमकत असला तरी ती मोटार सोडून द्यावी. पीडीके असा गिअर टाकण्यास मुळातच नकार देते. तिचे दुखणे वेगळे : तेल ठरल्या मुदतीत बदलले आहे की नाही हे कागदोपत्री तपासावे, कारण पेटी बिघडली तर खर्च क्लच बदलण्याच्या खर्चाशी तुलना करण्यासारखा नसतो. हाताच्या गिअरमध्ये क्लच हा झिजणाराच भाग आहे आणि त्याचा हिशेब खरेदीच्या वेळीच करता येतो.

पुनर्विक्रीविषयी सरसकट नियम सांगता येत नाही. मर्यादित संख्येच्या आणि हौशी मंडळींच्या मोटारींत हाताच्या गिअरला चढा भाव मिळतो. परंतु २०१७ मध्ये ‘जीटी३ टूरिंग’ हाताच्या गिअरसह आली तेव्हा ‘९११ आर’चे फुगलेले भाव खाली आले, हेही विसरता कामा नये.

या साऱ्या प्रकरणाचे एक लहान प्रतिबिंब पुण्याजवळच्या चाकणमध्येही उमटले. तेथील कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ मध्ये आली तेव्हा १५० अश्वशक्तीच्या ‘जीटी प्लस’ला केवळ सात गिअरची डीएसजी होती. हाताचा गिअर हवा असणाऱ्याला कमी ताकदीच्या इंजिनावर समाधान मानावे लागे. २०२३ मध्ये कंपनीने ‘जीटी प्लस’लाही हाताचे सहा गिअर दिले. ही स्पोर्ट्स कार नव्हे, चार दरवाजांची कुटुंबाची मोटार. पण मागणी तीच होती. अशी मोटार पाहण्यास जाणाऱ्याने विक्रेत्याकडे दोन्ही प्रकार चालविण्याचा आग्रह धरावा, आणि तोही मोकळ्या सकाळी नव्हे, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास, चाकणच्याच चौकातून.